वीट नाही, वाळू नाही

हडपसर, पुणे
शनिवार, ९ डिसेंबर २०००

प्रिय संपत,

मंगळवारी तुझ्या यवतच्या घरी फोन केला होता. सूनबाईंनी उचलला. "मामा घरात नाहीत," म्हणाल्या, आणि त्याच वेळी मागून तू "न्हाईत म्हणून सांग" म्हणालास तेही मला स्वच्छ ऐकू आलं. अरे, तेवीस वर्षं तुझा आवाज खड्ड्याच्या तळातून वर येताना ऐकलाय मी. तो टेलिफोनमागे लपेल होय? रागावलो नाही. बूथच्या पायरीवर थोडा वेळ बसलो आणि घरी आलो. पत्र मात्र तू वाचशील. फाडणार असलास तरी आधी एकदा वाचशील, एवढा तुला मी ओळखतो.

मांजरी गावच्या रस्त्यावर काय झालं ते तुझ्या कानावर आलेलं असणारच. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या: ऑप्टिकल फायबरसाठी चर खणताना भूमिगत विजेच्या केबलवर पहार बसली, मजूर गंभीर भाजला. तिसऱ्या दिवशी तो गेला, ते मात्र कुठेच आलं नाही. त्याचं नाव उत्तरेश्वर. भूम-परांड्याकडचा, वय पस्तीसच्या आतबाहेर. काम सध्या चौकशीसाठी बंद आहे. सोमवारी, अठरा तारखेला, ते पुन्हा सुरू होणार आहे, तीच टोळी, तीच आपली अकरा हजार व्होल्टची लाइन. आणि चौकशीच्या कागदावर कारण पडतंय, 'मजुराचा निष्काळजीपणा'. संपत, तो निष्काळजी नव्हता. मी सांगितलं तसंच्या तसं करत होता.

पण असं मधूनच सांगून तुला कळायचं नाही. सुरुवातीपासून सांगतो.

सप्टेंबरात साईनाथ नावाचा एक तरुण इंजिनियर मोटारसायकलवरून घरी आला. फायबर टाकणाऱ्या ठेकेदाराकडे असतो. "काका, ऑफिसमधून मॅप मिळालाय, पण तो मॅप म्हणजे जोक आहे. त्यात अजून गुऱ्हाळ दाखवलंय. साइटवर तिथे टाउनशिप आहे. सगळे म्हणतात, जुनी केबल कुठून गेलीय ते तुम्हाला पाठ आहे." पाठ! हा शब्द त्याने वापरायला नको होता. तुला माहीत आहे, पाठ म्हटलं की माझं काय होतं ते. सासवडच्या शाळेत आमचे गुरुजी मेजावर पट्टीने ठेका धरून वृत्तं शिकवायचे. भुजंगप्रयात म्हणताना वर्गातली सगळी पोरं सापासारखी डुलायची. त्या ठेक्यावर पुढे मी काय काय पाठ केलं: जॉइंटची मापं, फीडरांचे नंबर, कुठल्या खांबापासून किती पावलांवर केबल वळते. खड्ड्यात बसून मी गुणगुणायला लागलो की तू वरून म्हणायचास, "मास्तर, शिसं थंड व्हायलंय, यमक मागनं जुळवा." मास्तर हे नाव तूच पाडलंस. वीजखात्यात मी केबलीचे सांधे जोडणारा जॉइंटर श्रीनिवास, पण लोकांच्या तोंडी मास्तर राहिलो तो तुझ्यामुळे.

तर मी गेलो. सत्तराव्या वर्षी डोक्याला रुमाल बांधून, हातात काठी आणि फक्कीची पिशवी घेऊन त्या रस्त्याने पुढे पुढे चालायचो. जिथून केबल गेली तिथे पांढरी रेघ ओढायची, आणि तिच्यापासून तीन फूट सोडून टोळीने चर खणायचा. साडेपाच फूट खोल. काय सांगू तुला, बारा वर्षं घरात बसून गंज चढलेल्या माणसाला पुन्हा कुणी "मास्तर, इकडं या की" म्हणून हाक मारतंय! या चरातून एक काचेचा धागा जाणार, त्यातून इथली पोरं क्षणात अमेरिकेशी बोलणार, असं साईनाथ सांगायचा, आणि मला वाटायचं, आपल्याही काठीचा त्यात काही हात लागतोय. मंदाकिनी म्हणायची, "जा, जा. घरात मीठ संपलेलं तुम्हाला चाळीस वर्षांत दिसलं नाही, जमिनीखालचं तेवढं दिसतं." मी हसायचो.

टोळी अकरा माणसांची. उत्तरेश्वर पहारीवर, आणि त्याची बायको चंपा घमेल्यावर. कुणाच्याही हातात रबरी मोजे नाहीत, पायात स्लिपर. केबल शोधायचं यंत्र येणार येणार म्हणत होते, ते काही आलं नाही. लाइन बंद करून मागावी तर शटडाउनच्या परवानगीला तीन आठवडे. म्हणून मग मी. यंत्राच्या जागी म्हातारा. मला ते भूषण वाटलं, ही माझी पहिली चूक म्हण.

पहिल्याच दिवशी त्या सगळ्यांना बसवून मी समजावलं. केबलवर आधी वाळू असते, वाळूवर विटांचा थर असतो. जमिनीतली वीट म्हणजे आपल्याला ओरडून सांगणारा माणूस. ती लागली की पहार टाकायची आणि मला हाक मारायची. त्यांनी माना डोलावल्या. पण दुसऱ्या दिवशी बघतो तर एकाने वीट बाजूला काढून पुढे टिकाव उगारलेला! तेव्हा माझ्या मनात आलं, हे असं लक्षात राहायचं नाही, हे पाठ झालं पाहिजे. पहार मारताना ते नाहीतरी काहीतरी हुंकारतात. त्या ठेक्यावर मी दोन ओळी बांधल्या:

वीट लागली, थांब गड्या,
वाळू दिसली, लांब गड्या.

उत्तरेश्वर तर खूशच झाला. "मास्तर, लई झ्याक जमलंय बगा!" दुपारपर्यंत सगळी टोळी म्हणायला लागली. इथे मी थांबलो असतो तर? जेवढं खरं होतं तेवढं त्या दोन ओळींत होतं. पण दोन ओळींचं कडवं मला लंगडं वाटायला लागलं. घरी जाताना, जेवताना, तेच डोक्यात. शाळेपासूनची सवय, चार चरण पुरे झाल्याशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुढच्या दोन ओळी नेऊन दिल्या:

वीट नाही, वाळू नाही,
घाव खुशाल घाल गड्या.

आणि खोटं कशाला सांगू, त्याच दोन ओळी त्यांना जास्त आवडल्या. पहिल्या दोन ओळी थांबवणाऱ्या, या दोन उचलणाऱ्या. 'घाल'वर बरोबर पहार पडायची. मी बाजूला उभा राहून ऐकायचो, आणि माझ्या अंगावर काटा यायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कविता म्हटल्या, आपलं म्हणून कुणी काही म्हणेल असं वाटलं नव्हतं. ठेकेदाराच्या दुसऱ्या टोळीनेही ते उचललं. वाघोलीच्या बाजूला काम करणारी माणसंसुद्धा ते म्हणतात असं साईनाथ म्हणाला, तेव्हा मी मंदाकिनीसाठी पावशेर पेढे घेऊन गेलो होतो.

गुरुवार, तीस नोव्हेंबर. सकाळचे दहा वाजलेले, लख्ख ऊन. मी सिमेंटच्या एका पाइपावर बसून बशीतून चहा पीत होतो. माझी फक्कीची रेघ बरोबर होती संपत, आजही बरोबर आहे. रेघेपासून तीन फूट सोडून उत्तरेश्वर कमरेएवढ्या चरात उतरला होता. काळी माती, मऊ, वीट नाही, वाळू नाही. तो गातच होता. चौथ्या ओळीवर मोठा पडदा फाटावा तसा आवाज झाला, आणि त्या उन्हात उन्हाहून पांढरा उजेड पडला. बशी माझ्या हातातच होती. चंपा रिकामं घमेलं घेऊन परत येत होती, चरापासून पाच पावलांवर. ती धावली. मी ओरडलो, "हात लावू नका! कुणी हात लावू नका!" लाइन बंद पडली की अजून चालू आहे, ते वरून कळत नाही. एकाला धरायला गेलेला दुसरा जातो, हे आपण किती वेळा पाहिलंय. दोघा बायांनी चंपाला मागे ओढून धरलं. साईनाथच्या मोबाइलवरून सबस्टेशनशी बोलणं होऊन लाइन मेल्याची खात्री होईपर्यंत बारा मिनिटं गेली. बारा मिनिटं तो आत कण्हत होता आणि मी त्याच्या बायकोला त्याच्याजवळ जाऊ दिलं नाही. ते बरोबरच होतं. पण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती बरोबर-चूक काही ओळखत नव्हती.

मग मी चरात उतरून पाहिलं. केबलचा एक बाक रेघ सोडून तीन फूट बाहेर आलेला. त्याच्या पोटात पत्र्याची पट्टी आणि शिसं फोडून पहारीचं टोक गेलेलं. आणि शेजारीच जॉइंट. तो कुणाचा हे मला कुणी सांगायला नको होतं. डांबर ओतताना उजव्या कडेला ओघळ सोडायची माझी खोड होती.

डिसेंबर त्र्याऐंशी, संपत. तुला आठवतं. तुला आठवत असणारच, म्हणून तर तू घरात नसतोस. उसाचा हंगाम होता, लाइनीत फॉल्ट होता, दोन दिवस आपण उपसत होतो. जॉइंट झाला. पुढेमागे पुन्हा तोडायची वेळ आली तर केबल कमी पडू नये म्हणून आपल्या रिवाजाप्रमाणे जास्तीची केबल बाक देऊन बाजूला ठेवली. संध्याकाळ होत आली होती. वाळू आली नव्हती, आणि काठावर रचून ठेवलेल्या विटा बघतो तर गायब. शेजारी ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या पडल्या होत्या. त्यातल्या एका बाईने, काखेत पोर घेऊन, आपल्याच विटांची चूल मांडली होती, आणि तिच्यावर भाकरी फुगत होती. मागे उसाचा फड, वर तांबडं आभाळ, धूर सरळ वर चढलेला. तू तणतणत विटा आणायला निघालास आणि मी तुझा दंड धरला. "असू दे रे. जरा बघ तरी. पेटत्या चुलीच्या विटा काढून घ्यायच्या का तिच्या? उद्या स्टोअरमधून आणू." आणि मी काहीतरी म्हणायला लागलो, शाळेतलंच. तू काय म्हणालास तेही मला आठवतं. "मास्तर, कविता टाकून केबल झाकत न्हाई. अन् उद्याला कोण इतंय इकडं?"

उद्याला कुणीच आलं नाही. दुसरीकडे फॉल्ट निघाला, मग तिसरीकडे. सतरा वर्षं ती केबल विटा-वाळूशिवाय नुसत्या मातीखाली पडून राहिली, आणि सतरा वर्षांनी मीच तिथे एका माणसाला नेऊन उभा केला आणि म्हणालो, वीट नाही ना? मग घाल खुशाल.

मध्यंतरी मला एक वेडी शंका आली. ती भाकरीवाली बाईही परांड्याकडचीच असेल आणि तिच्या काखेतलं पोर म्हणजे हाच तर नसेल? वर्षं जुळत नव्हती तरी टोळीतल्या एकाला विचारलं. तर याचे आईबाप जन्मभर कोल्हापूरच्या कारखान्यांना जायचे, इकडे कधी आलेच नाहीत. म्हणजे बघ, असल्या वेळीही मी गोष्ट जुळवायलाच बसलो होतो.

साईनाथ घरी येऊन गेला. वाईट मुलगा नाही, घाबरलेला आहे. "काका, तुम्ही ऑफिशियली साइटवर नव्हताच. तुमचं नाव कुठल्याच रजिस्टरला नाहीये. तुम्ही फक्त गप्प राहा, बाकी आम्ही मॅनेज करतो." मी त्याला विटांचं काहीच सांगितलं नव्हतं. मी मान हलवली. संपत, मी मान हलवली.

आणि परवा, गुरुवारी, चंपा आली. मंदाकिनीने तिला आत बसवलं, चहा दिला. तो तिने घेतला नाही. तिने मला एकच विचारलं. "मास्तर, ह्यांचं चुकलं व्हतं का? समदी म्हणत्यात, त्यांनी बगितलं न्हाई. पर ते तर तुमचं गाणंच म्हणत व्हते." मी जमिनीकडे बघत राहिलो. फरशीच्या सांध्यात एक मुंगी चालली होती, तिच्याकडे. मग चंपा उठली. दारात जाऊन म्हणाली, सोमवारपासून तीही पहारीवर राहणार आहे, घमेल्याला दुसरी बाई मिळाली. मी घाबरून म्हणालो, "ते गाणं म्हणू नका आता. शेवटच्या दोन ओळी तर अजिबात नको." ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मग वीट नसली तर काय करायचं?"

यावर माझ्याजवळ उत्तर होतं. लाइन बंद करायची, पहार बाजूला ठेवायची, लाकडी दांड्याच्या फावड्याने हलक्या हाताने माती ओढायची. पण ते तिच्या हातात आहे का? ते ज्यांच्या हातात आहे ते म्हणतात, तीन आठवडे. ती गेल्यावर मंदाकिनी म्हणाली, "आयुष्यभर नको तिथे कविता म्हणालात. आज तिने साधं एक वाक्य मागितलं, तर तोंडाला कुलूप." मग मी तिला सगळं सांगितलं, विटांपासून. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? मी थोडीच खणणार आहे सोमवारी?"

काल सकाळी मी चंपाच्या झोपडीवर गेलो आणि तिला ते वाक्य सांगितलं. त्याचं चुकलं नव्हतं, माझं चुकलं. विटा, चूल, ओळी, सगळं. ती चूल पेटवत होती, पेटवत राहिली. बुधवारी तेरा तारखेला चौकशी अधिकाऱ्यांपुढे जाऊन मी जबाब देणार आहे. लिहून ठेवलाय, गद्यात, नऊ ओळी. त्यात तुझं नाव नाही, नसेल. तुझा मुलगा खात्यात आहे हे मला ठाऊक आहे. तुझी भीती मला कळते, आणि तू मला तेव्हा बजावलं होतंस हे मी कधी विसरणार नाही.

पण संपत, त्या जबाबात एक जागा कोरी आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. आपण तेव्हा तशी दोन ठिकाणं केली. दुसरं दोन दिवसांनी, त्याच लाइनीवर, मांजरीकडे आणखी पुढे. जॉइंट झाल्यावर मी तुला म्हणालो, "परवासारखंच करून टाक," आणि तुला एकट्याला खड्डा बुजवायला सोडून घरी निघून आलो. तू माझा हुकूम पाळलास, त्यात तुझा काही दोष नाही. मला फक्त एवढं आठवतं, की खड्ड्यातून मान वर केली की फडाच्या शेंड्यांवरून आगगाडीचा धूर दिसायचा. गेले चार दिवस मी ते दीड मैल काठी टेकत हिंडतोय. फड नाहीत, कोप्यांचा माळ नाही, जिकडेतिकडे कंपाउंडच्या भिंती आणि नव्या इमारतींच्या पाट्या. काल साईनाथला विटांचंही आणि हे दुसरं ठिकाणही सांगितलं. तो म्हणाला, "काका, एक्झॅक्ट जागा दाखवा, तिथलं पन्नास फूट मी स्वतःच्या जबाबदारीवर सोडतो. पण दीड मैल कसं सोडू?" जागा फक्त तुला माहीत आहे. तुझी आठवण पायात असते, चालायला लागलास की तू बरोबर थांबतोस, हे मी शंभर वेळा पाहिलंय. पुढच्या रविवारी, सतरा तारखेला, सकाळी आठपासून मी गाडीतळावर यवतच्या एस.टी.ची वाट बघत उभा असेन. कुणाला काही सांगू नकोस, कशावर सही करायची नाही, नुसतं माझ्याबरोबर चाल आणि जिथे थांबशील तिथे मी फक्की टाकीन. नाही आलास तरी मी तुला बोल लावणार नाही. मग सोमवारी चंपाच्या आधी चरात मी उतरेन, आणि त्या दीड मैलाची माती, जितकी होईल तितकी, बोटांनी उकरीन.

तुझाच,
श्रीनिवास